घरातला मोबाईल, वायफाय आणि आपण: नाशिककरांचे नेहमीचे प्रश्न

गंगापूर रोडचा फ्लॅट असो, सिडकोतलं रो-हाऊस असो की पंचवटीतला जुना वाडा, प्रश्न सगळीकडे तेच. मुलं पुण्यात नाहीतर परदेशात, घरात दोन माणसं आणि सात चार्जर. त्यातला एकही वेळेवर सापडत नाही. जिन्यात, जॉगिंग ट्रॅकवर, लग्नाच्या पंगतीत जे प्रश्न हमखास कानावर येतात ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं देताना एक गोष्ट धरून ठेवली आहे: ज्याचा फोन, बोटही त्याचंच. "आण इकडे, मी करून देतो" म्हटलं की काम उरकतं, पण समोरचा शिकत नाही. शिवाय दुसऱ्याच्या हातात फोन द्यायची सवय एकदा लागली की चोराच्याही हातात तो तितक्याच सहज दिला जातो.

आईसाठी नवा फोन घ्यायचाय. महागातला घ्यावा का?

महागातला नको, ओळखीचा घ्या. आत्ता ज्या कंपनीचा वापरतेय त्याच कंपनीचा घेतला तर कॉल उचलण्याची पद्धत, सेटिंगची जागा, बटणं बरीचशी तीच राहतात. एम. जी. रोडवर चार दुकानं फिरलात तर चारही ठिकाणी कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल ऐकवतील. आईला लागतो तो रिंगचा मोठा आवाज, वाचता येईल एवढं अक्षर आणि रात्रीपर्यंत टिकणारी बॅटरी. स्टोरेज मात्र १२८ जीबीपेक्षा कमी घेऊ नका, कारण ते का भरतं हे पुढच्याच प्रश्नात आहे.

घरी आणल्यावर तासभर तिच्या शेजारी बसा. अक्षर मोठं करा. पहिल्या स्क्रीनवर सात-आठच आयकॉन ठेवा, बाकीचे मागे ढकला. लॉक स्क्रीनवर येणाऱ्या बातम्या आणि जाहिराती बंद करा. स्वस्त फोनमध्ये त्या बहुतेक वेळा आधीपासून चालूच असतात आणि फोन उचलताना अंगठा नेमका त्यांच्यावरच पडतो. जुना फोन लगेच एक्स्चेंजमध्ये देऊन टाकू नका. व्हॉट्सॲपचं जुनं बोलणं आणि फोटो नव्यात नीट आलेत याची खात्री होईपर्यंत तो कपाटात असू द्या.

फोन सारखा 'मेमरी फुल' म्हणतो. फोटो तर फारसे काढतच नाही!

तुम्ही काढत नाही, पण लोक पाठवतात ना. सकाळचे गुलाब, एकादशीचा विठ्ठल, कुणाच्या तरी भाच्याच्या हळदीचे सगळेच्या सगळे फोटो, आणि एकच व्हिडिओ सोसायटीच्या, भिशीच्या, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या अशा सगळ्या ग्रुपवरून आलेला. हे सगळं न विचारता तुमच्या फोनमध्ये उतरतं.

आधी नळ बंद करा, मग फरशी पुसा. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये 'स्टोरेज आणि डेटा' आहे. तिथे मोबाईल डेटा, वायफाय आणि रोमिंग या तिन्ही ठिकाणी मीडियाचं ऑटो-डाऊनलोड बंद करा. त्यानंतर फोटो अंधुक दिसेल आणि तुम्ही टिचकी मारली तरच उतरेल. मग त्याच जागी 'मॅनेज स्टोरेज' उघडा. ५ एमबीपेक्षा मोठ्या फायली आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या फायली तिथे वेगळ्या काढून ठेवलेल्या दिसतात. त्या निवडा आणि काढून टाका.

इथे एक खड्डा आहे. गुगल फोटोजमधून फोटो डिलीट केला तर तो नुसता फोनमधून जात नाही, वरच्या बॅकअपमधूनही जातो. 'फोनमधली जागा मोकळी करा' हा पर्याय वेगळा आहे. तो फक्त वर पोचलेले फोटो फोनमधून काढतो. चुकून उडालाच तर बॅकअप झालेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो, तिथून परत आणता येतो. आणि गुगलची फुकट मिळणारी १५ जीबी जागा ही जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे. १ जून २०२१ पासून नव्याने चढवलेले फोटो त्यात मोजले जातात. म्हणून नातवाच्या बारशाचे व्हिडिओ चढवले की महिन्याभराने ईमेल येणं बंद होतं आणि दोन्हींचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही.

मराठीत टाईप कसं करायचं? इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं मराठी वाचवत नाही.

लिहवतही नाही. जीबोर्डच्या, म्हणजे गुगलच्या कीबोर्डच्या, सेटिंगमध्ये भाषा म्हणून मराठी घाला. तीन-चार पर्याय येतील: थेट देवनागरी अक्षरं, इंग्रजी अक्षरांवरून मराठी, आणि बोटाने लिहायची पाटी. शाळेत मराठी लिहिलेल्यांना पाटी फार आवडते. पण साठीच्या पुढच्यांना माझं सांगणं असतं की सरळ माईकचं चिन्ह दाबा आणि बोला. ते मराठी चांगलं ओळखतं. नावं आणि जोडाक्षरं तेवढी पाठवण्याआधी तपासा.

हॉलमध्ये वायफाय पळतं, आतल्या खोलीत रांगतं. काय करायचं?

राऊटर कुठे ठेवलाय ते बघा. बहुतेक घरांत तो टीव्हीच्या मागे, शोकेसच्या आत किंवा वायर जिथून घरात शिरली तिथेच कोपऱ्यात असतो. इन्स्टॉलेशनला आलेल्या मुलाला जे सोपं पडलं ती जागा कायमची झाली. तो घराच्या मधोमध, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर, मोकळ्यावर आणा. त्यासाठी थोडी जास्त वायर ओढावी लागली तरी ओढून घ्या.

राऊटर बहुधा दोन नावं दाखवतो, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं. ५ वालं वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतं. २.४ वालं हळू, पण लांब जातं. टीव्ही राऊटरजवळ असेल तर त्याला ५ द्या, आतल्या खोलीतल्या फोनला २.४. जुन्या नाशकातल्या वाड्यांच्या जाड भिंतींपुढे मात्र दोन्ही थकतात. तिथे दुसऱ्या खोलीपर्यंत केबल ओढून दुसरा छोटा राऊटर लावणं हाच खरा उपाय. वायरशिवाय चालणारे रिपीटर मिळतात, पण मूळ सिग्नलच जिथे अर्धा पोचतो तिथे ठेवलेला रिपीटर तो अर्धाच पुढे वाढतो.

घरात इन्व्हर्टर आहे, तरी लाईट गेली की नेट का जातं?

दोन शक्यता. एक तर राऊटरचा प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर नाही. फायबरचं कनेक्शन असेल तर काही घरांत भिंतीवर अजून एक छोटा डबा असतो, त्यालाही वीज लागते. दोन्ही अडॅप्टर तपासा. दुसरी शक्यता अशी की तुमच्याकडे सगळं चालू आहे, पण बिल्डिंगच्या जिन्यात किंवा गच्चीवर नेटवाल्याची जी पेटी बसवली आहे ती कॉमन लाईटवर आहे. ती बंद पडली की सगळा मजला बंद. ही गोष्ट सोसायटीच्या मीटिंगमध्ये काढा, एकट्याने भांडून उपयोग नाही.

इन्व्हर्टरच्या बॅटरीत नळाचं किंवा ॲक्वागार्डचं पाणी घालू नका, डिस्टिल्ड वॉटरच घाला. दोन-तीन महिन्यांनी पातळी बघत जा. एप्रिल-मे मध्ये जरा लवकरच बघा.

वळवाच्या पावसात टीव्ही उडाला. पुढच्या वेळी काय करावं?

विजा कडाडायला लागल्या की टीव्ही, राऊटर, सेट टॉप बॉक्स यांचे प्लग हाताने काढायचे. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. केबलची किंवा छत्रीची वायरही काढा, कारण झटका त्या वाटेनेही येतो. स्टॅबिलायझर व्होल्टेज कमी-जास्त झालं तर सांभाळतो, वीज पडल्याचा झटका त्याच्या आवाक्यात नाही.

याच निमित्ताने इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. गिझर आणि वॉशिंग मशीनच्या लाईनवर ३० मिलीअँपियरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, आहे का ते विचारा. बोर्डवर त्याला 'टेस्ट' असं छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबायचं, खटका पडला पाहिजे. नाही पडला तर तो नुसता शोभेला आहे. सगळ्या प्रश्नांत हा सगळ्यात कंटाळवाणा आणि जिवाशी सगळ्यात जवळचा.

"आज रात्री साडेनऊला तुमची लाईट कापली जाईल" असा मेसेज आला. खरं असेल का?

नाही. महावितरण कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही. खात्री करायचीच असेल तर महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून बिल बघा किंवा १९१२ वर फोन करा. मेसेजमध्ये दिलेल्या नंबरवर मात्र करू नका.

अशा सगळ्या सापळ्यांची नावं वेगळी, हाडं सारखीच. घाई, भीती आणि "कुणाला सांगू नका". या तिन्हींपैकी दोन एकत्र दिसली की फोन ठेवायचा. सध्या घरोघर येणारे प्रकार असे आहेत.

लग्नपत्रिका म्हणून आलेली फाईल, जिच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असतं. पत्रिका हा फोटो असतो किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे ॲप. ते इन्स्टॉल केलंत आणि मागेल त्या परवानग्या दिल्यात की तुमचे मेसेज, म्हणजे ओटीपीसुद्धा, दुसरीकडे जायला लागतात. वाहतुकीच्या चलनाच्या नावाने, बँकेच्या केवायसीच्या नावाने हेच येतं. बरं, पत्रिका आलेली असते ओळखीच्याच नंबरवरून, कारण त्याचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. लग्नसराईत नाशकातल्या कुठल्याही माणसाला दहा-पंधरा पत्रिका येतात, त्यात अकरावी कोण तपासणार? म्हणून नियम ठेवा की पाठवणाऱ्याला फोन करून "अभिनंदन" म्हणायचं. तेवढ्यात कळतं.

'डिजिटल अरेस्ट'. व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस, मागे सीबीआय किंवा ईडीचा बोर्ड, तुमच्या आधारवर पार्सल सापडलंय, कॅमेऱ्यासमोरून हलू नका. भारतात व्हिडिओ कॉलवर अटक करण्याची कुठलीही तरतूद कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्येही हे सांगितलं होतं. तरी शिकले-सवरलेले, निवृत्त अधिकारी यात अडकतात. उलट तेच जास्त, कारण आयुष्यभर सरकारी कागदाला मान द्यायची सवय.

मुलाच्या आवाजात आलेला फोन. "बाबा, ॲक्सिडेंट झालाय, लगेच पैसे टाका." आवाजाची नक्कल आता यंत्राने करता येते. घरात एक खुणेचा प्रश्न ठरवून ठेवा, ज्याचं उत्तर फेसबुकवर सापडणार नाही. वाड्यातल्या मांजराचं नाव वगैरे. ते विचारा, किंवा फोन ठेवून मुलाच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा.

पैसे गेले. पहिल्यांदा काय करायचं?

१९३०. हा राष्ट्रीय सायबर हेल्पलाईनचा नंबर आहे. गेलेले पैसे चोर लगेच एका खात्यातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या खात्यात हलवतात. तक्रार लवकर पोचली तर वाटेत कुठल्या तरी खात्यात ते गोठवता येतात. म्हणून आधी नातेवाइकांना, मग शेजाऱ्यांना, मग पोलिसांना असा क्रम नको.

लगेच बँकेलाही कळवा, कार्ड आणि नेट बँकिंग बंद करायला सांगा. एपीके टाकल्याचा संशय असेल तर त्या फोनचं नेट बंद करा, सिम काढा आणि हे सगळे फोन दुसऱ्याच्या मोबाईलवरून करा. मेसेज, नंबर, व्यवहाराचा क्रमांक यांचे स्क्रीनशॉट ठेवा, भीतीपोटी काही डिलीट करू नका. राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. शहरात असाल तर नाशिक शहर सायबर पोलीस ठाणं आहे, निफाड-दिंडोरीकडे असाल तर ग्रामीणचं वेगळं.

बँकेला वेळेत कळवण्याला अजून एक कारण आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमानुसार तुमची किंवा बँकेची चूक नसताना तिसऱ्याच कुणामुळे पैसे गेले आणि तुम्ही बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर तुमच्यावर तोटा येत नाही. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पिन दिला असेल तर कळवण्याआधीचा तोटा तुमचा. कळवल्यानंतरचा बँकेचा.

आणि घरच्यांनो, त्या क्षणी "एवढं सांगितलं होतं तरी..." हे वाक्य गिळा. ते ऐकावं लागेल या धाकानेच माणसं दोन-दोन दिवस गप्प बसतात.

बाबा अजून रोखीनेच सगळं करतात. यूपीआय शिकवावं की राहू द्यावं?

शिकवा, पण पेन्शनच्या खात्यावर नको. दुसरं एक लहान खातं उघडा, त्यात महिन्याच्या भाजी-दुधापुरते पैसे ठेवा, आणि यूपीआय फक्त त्यालाच जोडा. काही बिघडलं तरी नुकसान त्या खात्याएवढंच.

लहान रकमांसाठी यूपीआय लाईट चांगलं. त्यात जास्तीत जास्त ५,००० रुपये ठेवता येतात, एका वेळी १,००० पर्यंत खर्च करता येतात आणि पिन टाकावा लागत नाही. मिसळीचं बिल द्यायला चष्मा शोधायला नको. दुसरी सोय यूपीआय सर्कलची. खातं मुलाचं, पण पैसे देण्याची परवानगी आईला किंवा बाबांना. पूर्ण परवानगी दिली तर महिन्याला १५,००० आणि एका वेळी ५,००० ही मर्यादा. अर्धी परवानगी दिली तर प्रत्येक व्यवहार मुलाने मंजूर करायचा. ज्यांचं स्वतःचं खातं कुठल्याच ॲपला जोडायचं नाही त्यांच्यासाठी हे उत्तम. मात्र मला विचाराल तर अर्धी परवानगी अपमानाची वाटते. कोथिंबिरीच्या जुडीसाठी पुण्याहून मंजुरी यायची वाट बघत भाजीवालीसमोर उभं राहणं कुणाला आवडेल?

शिकवायचं कसं? घरात, एक रुपया पाठवून. बाबांच्या फोनवरून तुम्हाला, तुमच्याकडून त्यांना. हाताने. आणि हे एकच पक्कं करून घ्या की पिन पैसे द्यायला लागतो, घ्यायला कधीच लागत नाही. "तुमचे पैसे जमा करतो, पिन टाका" म्हणणारा चोर.

जीवन प्रमाण, म्हणजे पेन्शनसाठीचा हयातीचा दाखला, घरबसल्या होतो का?

होतो. दोन ॲप लागतात, 'जीवन प्रमाण' आणि 'आधार फेस आरडी'. दुसरं नुसतं इन्स्टॉल करून ठेवायचं, उघडायला गेलात तर काही दिसत नाही, घाबरू नका. फोन कुणाचाही चालतो. आधार, पीपीओ नंबर (पेन्शनच्या आदेशावरचा), खाते क्रमांक हाताशी ठेवा. चेहरा घेताना खिडकीकडे तोंड करून बसवा, पाठ करून नव्हे. चष्मा काढा, मागे साधी भिंत असू द्या. पापण्या मिटायला सांगतं तेव्हा आजी डोळे गच्च मिटून घेतात आणि उघडतच नाहीत. आधी एकदा तालीम करा.

केंद्र सरकारच्या पेन्शनरांनी हे नोव्हेंबरमध्ये करायचं. वय ८० च्या पुढे असेल तर १ ऑक्टोबरपासूनच करता येतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांची ईपीएस-९५, म्हणजे पीएफवाली, पेन्शन असेल तर नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला दिल्या दिवसापासून वर्षभर चालतो. मेसेजवर आलेला प्रमाण आयडी वहीत लिहून ठेवा, आणि आठवड्याने तो स्वीकारला गेला का ते बघा. पाठवला म्हणजे झालं असं धरू नका.

नात मोबाईल लावल्याशिवाय जेवतच नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय की एक वर्षाच्या मुलांना स्क्रीन नकोच, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभरापेक्षा जास्त नको. हे सुनेला माहीत असतं, सासूलाही माहीत असतं. अडतं ते कुठे, तर दुपारी एक वाजता ताट पुढे असताना आणि घरात दुसरं कुणी नसताना.

एकदम बंद करायला गेलात तर दोन दिवस रडारड आणि तिसऱ्या दिवशी फोन परत. त्यापेक्षा जागा बदला. जेवण गॅलरीत द्या, पातेली वाजवायला द्या, कावळ्याला घास टाकू द्या. पहिले काही दिवस कमी जेवेल. भूक लागली की मूल जेवतं, यावर आजीचा विश्वास बसणं हे खरं अवघड काम. आणि मोठ्यांनी त्याच वेळी ताटाशेजारी फोन ठेवला तर सगळं मुसळ केरात.

मोठ्या मुलांसाठी गुगलचं फॅमिली लिंक आहे. वेळ ठरवता येते, ॲप घ्यायला तुमची परवानगी लागते. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारायला लावा, कारण पोरांना तुमचा पॅटर्न पाठ असतो. सगळ्यांचे फोन रात्री हॉलमध्ये चार्जिंगला, हा नियम केलात तर तो वडिलांनाही लागू.

फॅमिली ग्रुपचा वैताग आलाय. बाहेर पडलो तर काका रागावतील.

'म्यूट'मध्ये 'नेहमीसाठी' असा पर्याय आहे. मग आर्काइव्हमध्ये टाका. बाहेर पडायचंच असेल तर २०२२ पासून ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. मात्र ग्रुपच्या माहितीत ६० दिवस तुमचं नाव 'माजी सदस्य' म्हणून दिसतं. आणि ॲडमिन काकाच असतात.

आईबाबांच्या घरात कॅमेरा बसवावा का? आम्ही लांब असतो.

त्यांना विचारलंत का? "काळजीपोटी" म्हणून हॉलमध्ये कॅमेरा लागतो आणि मग रात्री दहाला मुलाचा फोन येतो, "अजून टीव्ही काय बघताय?" सत्तर वर्षांच्या माणसाच्या घरात ही पाळत आहे. दारावर लावा. कोण आलंय ते दिसेल, अनोळखी माणसाला दार न उघडता बोलता येईल. आत लावायचाच असेल तर त्यांच्या संमतीने, आणि तो बंद करायचं बटण त्यांच्या हाताशी ठेवा. कामाला येणाऱ्या मावशींनाही सांगा की इथे कॅमेरा आहे. डब्यावर छापलेला पासवर्ड पहिल्या दिवशी बदला.

पडण्याची भीती असेल तर कॅमेऱ्यापेक्षा बाथरूममध्ये धरायला दांडी, रात्रीचा मंद दिवा आणि शेजाऱ्यांकडे ठेवलेली किल्ली जास्त कामाची.

पासवर्ड वहीत लिहिले तर चालतात का?

घरातल्या कपाटात असलेल्या वहीत, चालतात. परदेशातला हॅकर तुमच्या दिंडोरी रोडच्या कपाटापर्यंत येत नाही. यूपीआय आणि एटीएमचा पिन तेवढा लिहू नका, निदान कार्डाच्या पाकिटावर तरी नकोच. वही कुठे आहे हे घरातल्या अजून एका माणसाला माहीत हवं. व्हॉट्सॲपला 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन लावा, तो मात्र लिहा. लोक तो विसरतात.

घरातलं माणूस गेलं. त्यांच्या फोनचं काय करायचं?

आधी काहीच नाही. सिम बंद करण्याची घाई करू नका. बँक, विमा, गॅस, आधार, वीज बिल सगळ्यांचे ओटीपी त्याच नंबरवर येतात, आणि बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत कुणीतरी "कशाला उगाच रिचार्ज" म्हणून जातं. छोटा रिचार्ज मारत राहा. प्रीपेड सिम सलग ९० दिवस अजिबात वापरलं नाही आणि त्यात २० रुपयेही शिल्लक नसतील तर कंपनी ते बंद करू शकते. पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला दिला जातो. जिथे जिथे तो नंबर जोडलेला आहे तिथून तो बदलून झाल्यावरच सोडा.

पिन माहीत आहे म्हणून त्यांच्या यूपीआयवरून पैसे काढू नका. नॉमिनी असला तरी बँकेत मृत्यूचा दाखला देऊन रीतसर अर्ज करायचा. नाहीतर उद्या भावाभावांत तोच व्यवहार प्रश्नचिन्ह होऊन उभा राहतो.

फोटो आणि आवाज आधी उतरवून घ्या. व्हॉट्सॲपचं खातं १२० दिवस वापरात नसेल तर साधारणपणे काढून टाकलं जातं. गुगल दोन वर्षं न उघडलेलं खातं मिटवू शकतं. व्हॉट्सॲपवरचं एखादं बोलणं, त्यातले आवाजी निरोप यांच्यासह एक्स्पोर्ट करता येतं. "दूध आणलं का?" एवढाच दहा सेकंदांचा निरोप असतो, पण तो लोक जपून ठेवतात.

जिवंतपणी करता येण्यासारखं काम म्हणजे गुगलच्या खात्यात निष्क्रिय खात्याची सोय आहे ती लावणं. ठरवलेले महिने खातं वापरलं नाही तर कुणाला कळवायचं आणि कुणाला काय द्यायचं ते आधीच नोंदवता येतं. मृत्युपत्रावर बोलायला घाबरणारी माणसं यावर निवांत बोलतात, असा अनुभव आहे.

सिंहस्थात घरी पाहुणे येणार. गर्दीत फोन लागला नाही तर?

पर्वणीच्या गर्दीत टॉवरवर ताण येतोच. रामकुंड ही भेटण्याची जागा नव्हे, तिथे लाखो माणसं भेटणार असतात. गर्दीपासून लांबची एक ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ सगळ्यांना सांगून निघा. कॉल लागत नाही तेव्हा साधा एसएमएस बरेचदा जातो. व्हॉट्सॲपचं लाईव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास देता येतं, पण बॅटरी खातं आणि नेट नसेल तर जुनीच जागा दाखवत बसतं. नाशिकचा नकाशा आधी घरच्या वायफायवर ऑफलाईन उतरवून घ्या. आजी-आजोबांच्या खिशात दोन फोन नंबर आणि उतरण्याचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी असू द्या. चिठ्ठीची बॅटरी उतरत नाही.

रंगपंचमीला फोनसकट रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, धप्पा मारला. वाचेल?

तिवंधा असो की शनि चौक, दरवर्षी कुणीतरी मारतोच. बंद करा, सिम काढा, पुसा, चार्जिंगला लावू नका. तांदळात पुरू नका, ती पूड चार्जिंगच्या भोकात जाते. हेअर ड्रायर नको. पंख्याखाली उभा करून ठेवा आणि दुकानात न्या. रहाडीचं पाणी रंगाचं असतं, त्यामुळे आशा बेताची ठेवा.

फोन हरवला किंवा चोरीला गेला तर?

पोलिसांत तक्रार, त्याच नंबरचं नवं सिम, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टाकून फोन ब्लॉक. आयएमईआय आजच काढून वहीत लिहा: डायल पॅडवर *#०६# दाबलं की येतो. तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही संचार साथीवर दिसतं. बँकेला कळवायला विसरू नका.

कपाटात जुने फोन आणि चार्जर साठलेत.

फोनमधून आधी गुगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट करा, नाहीतर पुढच्याला तो उघडत नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. फुगलेली बॅटरी घंटागाडीत कोरड्या कचऱ्यात अजिबात टाकू नका, दाबली गेली की पेट घेते.

घरात, सोसायटीत, माहेरी, सासरी सगळे मलाच विचारतात. मी काय करू?

एक वार ठरवा. रविवारी दुपारी चहाच्या वेळी, ज्याला अडलंय त्याने फोन घेऊन यायचं. फोन त्याच्याच हातात ठेवायचा, तुम्ही आपले हात मागे बांधून फक्त सांगायचं. पहिल्या दिवशी चिडचिड होईल, दोघांचीही. केलेलं काम त्याने स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवायचं: "हिरवं चिन्ह, मग तीन टिंबं, मग दुसरी ओळ." तुमच्या भाषेतल्या सूचना त्याला पुढच्या रविवारी कळणार नाहीत, स्वतःच्या कळतील. पैसे गेले असतील किंवा फोन हरवला असेल तर केव्हाही उठवा असं सांगून ठेवा. टीव्हीचा रिमोट, रिंगटोन आणि स्टेटसला फोटो कसा ठेवायचा हे रविवारपर्यंत थांबू शकतं.